उन्हाळ्याचं सेटिंग

कालिंदी साटम घरातून निघाली, असं तिच्या घरात कुणी पटकन मानत नाही. ती लिफ्टपर्यंत जाते आणि परत येते. गॅसची मूठ बघते, गिझरचं बटण बघते, इस्त्रीची पिन सॉकेटातून काढली आहे ना ते हात लावून बघते. मग पुन्हा लिफ्टपर्यंत जाऊन पुन्हा परत येते, कारण मघाशी बघितलं ते आजचं की कालचं, याची तिला खात्री नसते. "गो, सगळा बंद केलंय मी. जा तू आता," असं नवरा आतून ओरडतो. नवऱ्याच्या शब्दावर विसंबून घरदार पेटवून घेतलेल्या बायकांच्या गोष्टी तिनं पुष्कळ ऐकल्या आहेत. ती तिसऱ्यांदा बघते आणि मगच जाते.

लालबागच्या त्या पुनर्विकासाच्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर, सगळे तिला घाबरट म्हणून ओळखतात. परळच्या ज्या ट्रस्टच्या इस्पितळात ती बावीस वर्षं इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे, तिथंही तीच ख्याती. केबलच्या चरांची झाकणं उघडून बघा म्हणून ती मार्चपासून लोकांच्या मागे लागते. कुठे जळका वास आला तर नर्सनं डब्यात आणलेलं वांगंसुद्धा ती उघडून बघते. लोक हसतात. हसण्यासारखं आहेच ते. पण या बाईच्या धास्तीवर इस्पितळाचे दिवे बावीस वर्षं नीट लागले, हे हसणाऱ्यांपैकी एकानं तरी कधी बोलून दाखवावं की नाही? कुणी दाखवलं नाही.

धास्ती तिला वारशानं मिळाली म्हणायची तर तसंही नाही. तिचे वडील, आबा, लोअर परळच्या एका गिरणीत वायरमन होते आणि भलते धीट होते. गिरणी बंद पडल्यावर ते घरीच पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागले. हाताखाली मुलगीच होती, कारण मुलगा नव्हता. आबांनी तिला पकड धरायला शिकवली, टेस्टर धरायला शिकवलं, आणि एक गोष्ट घोकून घेतली. गिरणीत एका मागाची वायर जळली तर तो माग थांबला पाहिजे, विणखातं थांबता कामा नये. विणखातं थांबलंच, तर गिरणी थांबता कामा नये. जिथं जळलं तिथलाच फ्यूज आधी गेला पाहिजे. "सगळ्यात जवळच्यानं आधी पडायचं, वरच्यानं दम धरायचा," आबा म्हणायचे. पुढं कालिंदीनं आयटीआय केलं, नोकरी धरली, सुपरवायझरचा परवाना काढला, पण त्या जाड इंग्रजी पुस्तकांत याच्यापेक्षा निराळं काही तिला सापडलं नाही.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीघराला लागून सबस्टेशन आहे. वीज कंपनीकडून तिथं अकरा हजार व्होल्ट येतात, ट्रान्सफॉर्मर त्याचे चारशे तेहेतीस करतो आणि मग ती वीज वॉर्डांत जाते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अंगांना एकेक ब्रेकर आहे. वरच्या अंगाचा तो एचटी आणि खालच्या अंगाचा एलटी. करंट प्रमाणाबाहेर वाढला की पडायचं, म्हणजे वीज तोडायची, हे दोघांचंही काम, पण दोघांनी एकदम पडायचं नाही. इस्पितळात कुठं मोठा शॉर्ट झाला तर आधी एलटीनं पडायचं. एलटी अडकून बसला तरच एचटीनं पडायचं.

यात गोम आहे ती जनरेटरची. एलटी पडला की तो जनरेटरला कळवतो, खाली शॉर्ट आहे, तू येऊ नकोस. एचटी आधी पडला तर जनरेटरला कोण सांगणार? त्याला वाटतं कंपनीची वीज गेली. तो इमानेइतबारे सुरू होतो, त्याच शॉर्टवर जाऊन आदळतो आणि स्वतःही जातो. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत, ट्रान्सफॉर्मर तपासून होईपर्यंत, आयसीयू आणि डायलिसिस यंत्रांतल्या बॅटऱ्यांवर. त्या बॅटऱ्या अर्ध्या तासाच्या, आणि कंपनीचा माणूस परळच्या ट्रॅफिकमध्ये.

एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

आठ वर्षांपूर्वी इस्पितळानं एसीचे दोन मोठे चिलर बसवले. हिवाळ्यात एक पुरतो, उन्हाळ्यात दोन्ही लागतात. दुसरा चिलर सुरू होताना पाव सेकंद इतका करंट ओढायचा की एलटीला वाटायचं शॉर्टच झाला. तो पॉइंट एक सेकंदावर, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पडायचा. पहिल्याच एप्रिलमध्ये आठवड्यात तीनदा पडला. प्रशासक हर्षवर्धन राजाध्यक्ष यांनी कालिंदीला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"साटम मॅडम, मला कारणं नकोत. परत पडता कामा नये."

"सर, दुसरा चिलर हळू सुरू करायला एक यंत्र मिळतं. ते घेतलं तर..."

"फाइल पाठवा."

तिनं फाइल पाठवली. ती फाइल अजून कुठंतरी असेल. तोवर कालिंदीनं घरी येऊन आलेखाच्या कागदावर दोन्ही ब्रेकरच्या रेघा काढल्या. एचटीचा रिले, म्हणजे एचटीनं कधी पडायचं ते ठरवणारा, तेव्हा जुना चकतीवाला होता. तो पडायला एक सेकंद घ्यायचा. तेव्हा एलटीला पॉइंट चारपर्यंत नेलं तरी मध्ये भरपूर जागा उरत होती. दुसऱ्या दिवशी तिनं एलटीच्या अंगावरची ती करंगळीच्या नखाएवढी खुंटी स्क्रू ड्रायव्हरनं पॉइंट एकवरून पॉइंट चारवर नेली. चिलर सुरू झाला आणि एलटी जागचा हलला नाही. तिनं हे लिहून मात्र ठेवलं नाही, कारण लिहायचं तर सही लागते, सहीला फाइल लागते, आणि फाइलींचं काय होतं ते वर सांगितलंच.

दिवाळी झाल्यावर तिनं खुंटी परत पॉइंट एकवर आणली. गरज नसताना शॉर्टला जास्त वेळ पोसायचं तिच्या जिवाला पटत नव्हतं. परत आणताना खूण चुकू नये म्हणून तिथं स्वतःच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. मग तो रिवाजच झाला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खाली. तिच्याबरोबर पाळीला असणारा ऑपरेटर इग्नेशियस दादरच्या पोर्तुगीज चर्चजवळ राहणारा, सत्तावन्न वर्षांचा, मितभाषी माणूस. तो याला उन्हाळ्याचं सेटिंग म्हणायचा. बाकी कुणाला ठाऊकच नव्हतं.

गेल्या डिसेंबरात एचटीचं जुनं पॅनल काढून नवं आलं. चकती गेली, डिजिटल रिले आला. कंत्राटदाराकडून सुशांत नावाचा तरुण इंजिनियर सेटिंग घालायला आला होता. वीज कंपनीनं एचटीला पॉइंट चारची मर्यादा घातली होती. त्यापुढं जायची परवानगी नाही, आणि वर सील. सुशांतनं खाली वाकून एलटीची खुंटी बघितली. डिसेंबर होता, खुंटी टिकलीवर होती.

"ताई, एलटी पॉइंट एकलाच असतो ना कायम? मग मध्ये पॉइंट तीनची गॅप मिळते. परफेक्ट बसतं."

राजाध्यक्ष तिथंच उभे होते. बरोबर दोन ट्रस्टी, आणि पॅनलपुढं फोडायला आणलेला नारळ.

"हो," कालिंदी म्हणाली.

नंतर व्हरांड्यात एकटा गाठून त्याला खरं सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण नारळ फुटला, पेढे फिरले, सुशांतला दुसऱ्या साइटवर जायचं होतं, तो गेला. मग दोन दिवस तिला झोप लागली नाही, तिसऱ्या दिवशी लागली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, धुळवड आली आणि हात आपला ठरल्यासारखा गेला. खुंटी पॉइंट चारवर. गॅस तीनदा बघणाऱ्या बाईला या वेळी काही म्हणता काही आठवलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारची दुपार. कालिंदीनं कोलंबीचं कालवण केलं होतं. तिची मुलगी अपूर्वा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या प्रोजेक्टला खऱ्या सबस्टेशनचे आकडे हवे होते. आईला त्याचं केवढं कौतुक! फोनमधला डिसेंबरचा रिपोर्ट काढून तिनं एचटीचे आकडे वाचून दाखवले, एलटीचे तर तोंडपाठच होते. परवा चिलर सुरू होताना खुंटीकडे बघितलंच होतं, पॉइंट चार.

"आई, काहीतरी चुकलंय," अपूर्वा म्हणाली.

"नीट टाक. घाई करतेस."

"नीटच टाकलंय. हे बघ ना. एलटीची लाइन आणि एचटीची लाइन इथं एकमेकींवर बसल्यात. गॅपच नाही."

कालिंदी हात पुसत येऊन वाकली. पडद्यावर एक निळी रेघ होती, एक तांबडी. मोठ्या शॉर्टच्या जागी दोन्ही पॉइंट चारवर जाऊन चिकटल्या होत्या.

"दोघं एकदम पडणार?" तिनं विचारलं.

"एकदम पण नाही, आई. तिन्ही नाही, दोनच फेजच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर वरच्या बाजूला एका फेजमध्ये उलट जास्त करंट दिसतो. तुमच्यासारख्या ट्रान्सफॉर्मरला असतंच ते. म्हणजे एचटी आधीपण पडेल. आणि एलटीला ऑर्डर मिळाल्यावर उघडायला वेळ लागतो तो वेगळाच." मग तिनं आईकडे बघितलं. "खरं असं नाहीय ना? तू चुकीचा आकडा दिलास ना?"

कालिंदी मनात दिवस मोजत होती. धुळवडीपासून आजपर्यंत चौसष्ट दिवस. चौसष्ट दिवस रोज तीन पाळ्यांत डायलिसिस चाललं होतं, ऑपरेशनं झाली होती, आणि त्यातल्या कुठल्याही दुपारी एक उंदीर, एक पाल, एक सैल नट पुरला असता. कोलंबी तशीच राहिली. चपला पायात घालून ती निघाली, आणि या वेळी लिफ्टपासून परत फिरली नाही. गॅस चालू होता. तो अपूर्वानं बंद केला.

लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंके धडधडत होते. मे महिना, वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रांग लागलेली. टॅक्सी थांबेना, म्हणून कालिंदी चालतच सुटली. तिखटाचा खाट उठला तसं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते मिरचीचं आहे असं समजायला काहीच हरकत नव्हती. वाटेत ती एकच विचार करत होती. आता खुंटी खाली आणली तर दुसरा चिलर रोजच्यासारखा आपोआप सुरू होताच एलटी पडणार, हे नक्की. नाही आणली आणि शॉर्ट झाला, तर सगळंच जाणार, पण शॉर्ट होईल कशावरून? नक्की होणारं थोडं नुकसान आणि बहुधा न होणारं भयंकर नुकसान, यांतून निवडायचं होतं. आणि निवडताना कुणीतरी विचारणारच होतं की खुंटी मुळात वर नेली कुणी.

परळच्या फुटपाथवर पेशंटांचे नातेवाईक चादरी टाकून बसले होते. त्यांच्यातून पाय चुकवत जाताना तिला वाटलं, या सगळ्यांना आपण फसवलंय. तिला कुणाच्याही तोंडाकडे बघवेना.

सबस्टेशनमध्ये इग्नेशियस पेपर वाचत बसला होता. तिचा अवतार बघून तो उठलाच. "काय झालं, बाई? पयलं पाणी घ्या."

"दुसरा चिलर सुरू झाला?"

"अजून नाय. अडीच-तीनला आपोआप होईल, रोजचं."

"आपोआपवरून काढा त्याला. हातावर घ्या. मी सांगेपर्यंत सुरू नाही करायचा."

पाणी पिता पिता तिनं सगळं सांगितलं. इग्नेशियसनं टिकलीकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं, आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "मग फिरवा ना खाली! कोण बघतंय? आठ वर्षं कोणी बघितलं नाय, आज कोण बघणार?"

तेच तर होतं. फिरवायला एक मिनिट पुरलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात होता. पण खुंटी खाली आणून गप्प बसलं की चिलर आपोआपवर ठेवता येणार नाही, बाकीचा भार उतरवून तो हातानंच सावकाश सुरू करावा लागेल, आणि ते तिन्ही पाळ्यांना लेखी सांगावं लागेल. ते लेखी द्यायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं नाही तर उद्या सकाळचा ऑपरेटर आपल्या सवयीनं बटण आपोआपवर टाकेल. एका न लिहिलेल्या गोष्टीवर दुसरी न लिहिलेली गोष्ट रचायची तिची हिंमत होईना. तिनं फोन लावला.

राजाध्यक्ष जेवणाच्या टेबलावर होते. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"मॅडम, रविवार आहे."

"सर, एचटी आणि एलटी एकाच वेळेला पडतील अशी सेटिंगं झालीयत. शॉर्ट झाला तर जनरेटरही जाईल. मला एलटी आत्ता खाली आणायचाय."

"पुन्हा पडायला लागेल ना मग?"

"चिलर हातानं सुरू केला तर नाही पडणार. पण माणूस लागेल रोज."

"माणूस कुठून आणू? हे बघा, तुमची काळजी मी समजू शकतो. मार्चमध्ये तुम्ही झाकणांचं म्हणालात, त्याआधी लिफ्टच्या मोटरचं. प्रत्येक वेळी तुम्हाला वाटतं आग लागणार. डिसेंबरमध्ये एवढं नवं पॅनल घेतलं, त्या मुलानं सगळं तपासून सही दिली. सोमवारी बघू."

त्यांचंही चूक म्हणता येत नाही. बावीस वर्षं रोज घाबरणाऱ्या माणसाची भीती एका रविवारी निराळी आहे, हे फोनवरून ओळखायचं कसं? कालिंदीनं इग्नेशियसकडे पाठ केली.

"सर, त्या मुलानं बरोबरच केलं होतं. मी त्याच्याशी खोटं बोलले. एलटी पॉइंट एकला नसतो. उन्हाळ्यात मी तो चारला नेते. आठ वर्षं नेतेय. कुठंही लिहिलेलं नाही. त्यानं तुमच्यासमोर मला विचारलं आणि मी हो म्हटलं."

भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हे तुम्ही लेखी देणार?"

"हो."

"मग आणा खाली. रजिस्टरमध्ये तुमच्या नावानं लिहा. आणि आता पडला तर जबाबदारी तुमची. सोमवारी मला भेटा."

तिनं खुंटी टिकलीवर आणली. स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला. मग रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, आधी काय होतं, आता काय केलं, आणि खाली नाव. तीन वाजता इग्नेशियसनं वॉर्डांचा बाकीचा भार थोडा कमी करून दुसरा चिलर सावकाश सुरू केला. करंटचा काटा वर गेला, थरथरला, खाली आला. एलटी उभा राहिला. कालिंदी खुर्चीत बसली आणि पदरात तोंड घालून रडली. इग्नेशियस बाहेर जाऊन उभा राहिला.

सोमवारी तिनं दोन पानांचं पत्र दिलं. चौकशी नेमू, असं सांगण्यात आलं. तोवर तिची सही चालणार नाही, सुपरवायझर म्हणून बाहेरचा कुणीतरी आठवड्यातून दोनदा येऊन सही करेल, आणि तिनं नेहमीचं काम करत राहावं. म्हणजे जबाबदारी तिची आणि सही दुसऱ्याची. कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली. चिलर हातानं सुरू करायचा म्हणून तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर तिच्या नावानं बोटं मोडायला लागले. "आठ वर्षं काय झालं नव्हतं, आता बाईंना झटका आला," एकानं तिला ऐकू जाईल असंच म्हटलं. सुशांतचा फोन आला. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "ताई, तेव्हाच सांगायचं ना." ते तिला ओरडण्याहून लागलं.

ती घरी कमी बोलायला लागली. गॅस चार वेळा बघायला लागली.

अकराव्या दिवशी, दुपारी पावणेचारला, केबलच्या चरातून एक घूस एलटी पॅनलच्या मागच्या भागात शिरली. पुढं काय झालं ते सांगायला ती घूस राहिली नाही. सबस्टेशनमध्ये बंदुकीसारखा आवाज झाला, निळा उजेड पडला, आणि इस्पितळाचे सगळे पंखे एकदम मंदावत थांबले.

कालिंदी तेव्हा आयसीयूच्या बाहेर होती. ती धावली. जिन्यात अंधार, लिफ्टमध्ये कुणीतरी ओरडत होतं. एकीकडे धावताना ती कान लावून जनरेटरचा आवाज ऐकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो येऊ नये म्हणून देवाला हाक मारत होती. जनरेटर आला नाही.

सबस्टेशनमध्ये धूर होता. इग्नेशियसनं टॉर्च एलटीवर मारला. एलटी पडला होता. मग एचटीवर मारला. एचटीचा लाल, म्हणजे चालूचा, दिवा शांतपणे जळत होता. तो उभा होता, आणि त्याच्यामागं ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

"बाई! वरचा हाय! वरचा हाय!"

बाकीचं त्यांना पाठ होतं. पॅनलच्या दोन भागांमधला जोड उघडला. घूस, चिलर आणि धोबीघर एकीकडे राहिले, वॉर्ड, आयसीयू आणि डायलिसिस दुसरीकडे आले. चांगला भाग तपासला, एलटी पुन्हा बसवला. वीज आली तेव्हा नऊ मिनिटं झाली होती.

साडेचारला राजाध्यक्ष स्वतः आले. त्यांच्या शर्टाला घामाचे डाग पडले होते, आणि ट्रस्टींचे फोन त्यांना चालूच होते.

"पडलाच ना शेवटी? मी रविवारीच म्हटलं होतं. सेटिंग खाली आणलंत आणि पडला. नऊ मिनिटं! आठ वर्षांत नऊ मिनिटं कधी गेली नव्हती."

"सर, आत शॉर्ट होता. पडायलाच..."

"उद्या सकाळी मेमो मिळेल. उत्तर त्यात लिहा."

ते गेल्यावर इग्नेशियस तिच्या अंगावर ओरडला. "बोलायचं ना त्यांना! काय मुक्यासारख्या उभ्या राहता?"

कालिंदी एचटीच्या नव्या रिलेसमोर उभी होती. त्याच्या छोट्या पडद्यावर मागच्या घटना साठवलेल्या असतात. तिनं बटणं दाबत शेवटची काढली. तीन वाजून शेहेचाळीस मिनिटांनी रिलेला शॉर्ट दिसला होता. त्यानं मोजायला सुरुवात केली होती. चारशे मिलिसेकंदांवर, म्हणजे पॉइंट चारवर, त्याला पडायचं होतं. एकशे सत्तरवर समोरचा करंट नाहीसा झाला, एलटीनं तोडला होता, शंभरवर ऑर्डर आणि सत्तर उघडायला, म्हणून त्यानं मोजणं सोडून दिलं. पडद्यावर एवढंच होतं. इंग्रजीत, दोन ओळी.

पॉइंट चारवर एलटी असता, तर रिले एकशे सत्तरवर थांबला नसता. तिनं ते मनात पूर्ण मोजून बघितलं, चारशेपर्यंत. एचटी पडतो, जनरेटर धावत येतो, घुशीवर आदळतो. मग काहीच नाही. मग वर तिसऱ्या मजल्यावर बारा खुर्च्यांत बारा माणसं, आणि यंत्रांतल्या बॅटऱ्या. ती भिंतीला टेकली. आपण वाचलो याचा आनंद असा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. तो भीतीसारखाच होता.

"फोटो काढा," इग्नेशियस म्हणाला. "मेमोला लावा."

तिनं काढला. लावणारही होती. पण त्या दोन ओळींतून राजाध्यक्षांना काय कळणार, तेही तिला माहीत होतं. जे झालं नाही त्याचा फोटो निघत नाही.

पाच वाजता ती डायलिसिसच्या वॉर्डात गेली, यंत्रं नीट आहेत ना बघायला. कुणी बोलावलं नव्हतं. दाराजवळच्या खुर्चीत एक आजी होत्या, हाताला नळ्या, अंगावर शाल. गळ्यातल्या ओळखपत्रावरून त्यांनी तिला ओळखलं.

"तुम्हीच का लाइटवाल्या बाई?"

"हो, आजी."

"अहो, काय करता काय तुम्ही लोक? नऊ मिनिटं त्या घड्याळाकडे बघत होते मी. बॅटरीचा भरवसा नाही म्हणून नर्स हातानं चाक फिरवत होती माझं रक्त परत घालायला. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून जीव नुसता मुठीत. लेक माझी बाहेर रडत होती."

कालिंदीला सांगता आलं असतं. दोन ओळींचा फोटो फोनमध्ये होता. तिनं आजींच्या मोकळ्या हाताला हात लावला. तो गार होता, पण खाली नाडी चालू होती, भरभर.

"चुकलं आमचं, आजी."

"परत नका करू हो असं."

"नाही करणार," कालिंदी म्हणाली. आजींची शाल नीट करून ती मेमोची वाट बघायला खाली गेली.